नऊ टोप्या

तिन्ही चाप एकदम ओढले गेले. टिच, असा एक कोरडा, बारीक आवाज झाला आणि त्यापुढे काहीच झाले नाही.

चारशे माणसे कानांत बोटे घालून उभी होती. आवाज होऊन गेला की अजून व्हायचा आहे, याचा अंदाज येईना, म्हणून कोणीच बोटे काढली नाहीत. कनातीमागे एक शेळी ओरडली. रावसाहेब खराड्यांचा नवा ब्राँझचा पुतळा हारांत हनुवटीपर्यंत बुडालेला होता आणि समोरच्या मैदानाकडे अत्यंत धीराने पाहत होता. शांतता या विषयावर तोवर मी सात कविता लिहिल्या होत्या. त्यांतल्या तीन छापूनही आल्या होत्या. प्रत्यक्ष शांतता समोर येऊन उभी राहिली तेव्हा लक्षात आले, की ही बाई माझ्या ओळखीची नाही.

बंदुका धरलेल्या तिघा माजी सैनिकांच्या उजव्या अंगाला हवालदार येसबा घाडगे सावधान उभे होते. वय बासष्ट, छातीवर चार पदके, मिशीला कात्री लावलेली. त्यांनी मान तसूभरही न हलवता दुसरा हुकूम दिला. न उडालेली तीन काडतुसे गवतात पडली, तीन नवी चढली. टिच. तिसरा हुकूम. टिच. तीन बंदुका, तीन फैरी, नऊ काडतुसे. धुराची एक रेघ नाही.

व्यासपीठावर जिल्ह्याच्या साहेबांनी घड्याळ पाहिले. संस्थेचे चेअरमन हिंदुराव खराडे, म्हणजे पुतळ्याचे चिरंजीव, खुर्चीतून अर्धे उठले.

"हवालदार, काय झालं हे?"

"टोप्या मेल्या, साहेब," हवालदार म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले, पण मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू गेले. "जुन्या हुत्या. तपासायचं काम माझं हुतं. चूक माझी."

चेअरमन माझ्याकडे वळले. समारंभाचे सूत्रसंचालन माझ्याकडे होते, गौरवग्रंथ माझा होता, आणि पाचच मिनिटांपूर्वी त्यातले सत्तेचाळिसावे पान मी कंपित स्वरात वाचून दाखवले होते. मी माझ्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिले. मग तो हात खिशात घातला आणि डाव्या हाताने बँडवाल्यांना खूण केली.

बँड तेवढा वाजला.

ही १९८५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. भोरवडे हे सातारा जिल्ह्यातले फौजी माणसांचे गाव. तिथल्या रावसाहेब खराडे महाविद्यालयात मी चार वर्षे तासावर मराठी शिकवत होतो. तासावर म्हणजे, ज्या तासाला मुले येत त्या तासाचे पैसे मिळत. आधुनिक कविता हा माझा विषय असल्यामुळे मला फारसे पैसे मिळत नसत. वर्गात तीन मुली आणि एक पंखा असे. पंखा जास्त दाद देई.

ऑगस्टच्या शेवटी चेअरमनांनी मला बोलावले.

"गोसावी सर, तुमच्या कविता मी वाचल्या. एकही कळली नाही. म्हणजे तुम्ही विद्वान असणार."

मी नम्रपणे मान खाली घातली.

"वडिलांचा पुतळा बसतोय. त्याच दिवशी त्यांच्यावर ग्रंथ निघाला पाहिजे. दोनशे पानं. वजन पाहिजे हातात घेतल्यावर." ते थांबले. "जूनमध्ये मराठीची एक जागा कायम होतीय. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे आधीच सांगतो."

"लक्षात आलं, साहेब."

"आणि सलामी पाहिजे. बंदुकांची. वडील लष्करात होते."

रावसाहेब लष्करात होते हे खरे. दुसऱ्या महायुद्धात आठ महिने ते एका लष्करी कोठारात घोंगड्या मोजत होते. मग पोट बिघडले आणि ते घरी आले. एवढ्या ऐवजावर दोनशे पाने उभी करायची होती. पण ज्याने पावसाळी ढगावर चाळीस ओळींची मुक्तछंदातली रचना केली आहे, त्याला घोंगड्यांचे भय वाटत नाही.

सलामीसाठी मात्र मला येसबा घाडग्यांकडे जाणे भाग होते. भोरवड्याच्या मैदानाच्या कडेला काळ्या दगडाचा एक स्तंभ आहे. त्यावर युद्धात मेलेल्या गावच्या अकरा जणांची नावे आहेत. दर डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी माजी सैनिक मंडळाच्या तीन जुन्या थ्री नॉट थ्री बंदुका बाहेर निघत आणि त्या अकरांना तीन फैरींची सलामी होई. गोळी नसलेल्या काडतुसांची, नुसत्या आवाजाची. तशी परवानगी देणारे १९४९ सालचे एक पत्र मंडळाकडे होते. ते कोणी नवे केले नव्हते आणि कोणी रद्दही केले नव्हते; आपल्याकडे अमरत्व बहुधा याच मार्गाने मिळते. काडतुसे भरत येसबा. फौजेत बावीस वर्षे त्यांनी बंदुका दुरुस्त केल्या होत्या.

त्यांचे घर ओढ्यापलीकडे. पाणी गुडघाभर. मी चपला हातात धरून, धोतर नेसत नसल्याचा पश्चात्ताप करीत, पलीकडे गेलो. गोठ्याच्या अर्ध्या भागात त्यांचे कामाचे ठिकाण होते. मी दारात वाकलो.

"डोक्याला काय लावलंय?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"खोबरेल."

"भाईर बसा."

मी बाहेर बसलो. सुमारे अर्धा तास एका म्हशीने माझे निरीक्षण केले. मग येसबांच्या मंडळींनी तांब्याभर पाणी आणि मूठभर राख आणून दिली. मी कोपरापर्यंत हात घासले, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि मला प्रवेश मिळाला. कुठल्याही काव्यसंमेलनात माझी इतकी कसून तपासणी झाली नव्हती.

"ही पुंगळी बघा," त्यांनी पितळेची रिकामी नळी माझ्या तळव्यावर ठेवली. बुडावर १९४२ हा आकडा कोरलेला होता. "माझ्या लग्नाच्या आदीची. पंचवीस तीस डाव भरली असंल. पितळ मरत न्हाई. मरती ती टोपी."

टोपी म्हणजे पुंगळीच्या बुडात बसणारी तांब्याची इवलीशी वाटी, बाजरीच्या चार दाण्यांएवढी. बंदुकीची सुई तिच्यावर आपटली की ठिणगी पडते, ठिणगीने दारू पेटते. उडालेली टोपी काढण्याची त्यांची पद्धत मला भलतीच आवडली. पुंगळीत काठोकाठ पाणी भरायचे, तोंडात बेताचा दट्ट्या धरायचा आणि वरून हातोडी मारायची. पाण्याच्या रेट्याने मेलेली टोपी टपकन खाली पडते. मी लगेच वहीत टिपून घेतले: पाण्याने मृत काढणे. पुढे याची कविता झाली. ती कोणाला कळली नाही.

"नवी टोपी कुठं मिळते?"

"मिळत न्हाई. ह्या पुंगळीचं घर येगळं. आताच्या टोप्या त्यात बसत न्हाईत. पुण्याला गेलतो, तितला दुकानदार म्हनला, आजोबा, संग्रहालयात इचारा." त्यांनी फडताळातून पत्र्याची एक चपटी डबी काढली. पाटावर उघडली, पण माझ्या बाजूने झाकण आडवे धरले. "अठरा हैत. ह्या डिसेंबरच्या नऊ. पुढल्या डिसेंबरच्या नऊ."

"आणि मग?"

"मग तोंडानं करायचं, ठो."

ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

"तेलाचं एवढं काय असतं?"

"टोपीच्या आतला मसाला तेल पितो. तेलाचं बोट लागलं की दहातली एखादी मरती. कंची, ते उडवल्याबिगर कळत न्हाई. भिजवूनच ठिवली तर समद्या जात्यात, पर तसं कोन करंल?"

मी रावसाहेबांचा विषय काढला. पुतळा, अनावरण, जिल्ह्याचे साहेब, तीन फैरी.

"रावसाहेब कुठं वारले?" येसबांनी विचारले.

"घरी. झोपेत."

"मग झोपू द्या की. आवाज कशाला?"

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि त्यानंतरही आठवड्यातून दोनदा जात राहिलो. डोक्याला तेल लावणे सोडले. ते पुंगळ्या घासत, मी त्यांना ब्रह्मदेशच्या लढाईविषयी विचारी, आणि मुळात अबोल असलेला तो माणूस हातातले काम न थांबवता उत्तरे देई. एका दुपारी त्यांनी चुलतभावाची गोष्ट सांगितली. धोंडी घाडगे, स्तंभावरचे वरून तिसरे नाव.

"पावसाळी नाला हुता. पल्याड दोन जखमी पडल्यालं. धोंडीचं बूट नवं हुतं, आदल्या दिशी मिळाल्यालं. त्यानं बूट काढलं, नाड्या बांधल्या, गळ्यात अडकवलं आन् पान्यात शिरला. म्या वरडलो, आरं गोळ्या चालल्यात आन् तू बूट कसलं वाचवतोस? तर म्हनला, येसबा, भिजलं तर परत मिळायचं न्हाईत." त्यांनी पुंगळी उजेडाकडे धरून आत पाहिले. "येक जखमी पाठीवर घिऊन आला. दुसऱ्याला आनाय गेला. बूट गळ्यातच हुतं."

मी ते टिपून घेतले. शब्दन् शब्द. कवीचा कान तीक्ष्ण असतो असे म्हणतात. हाताविषयी कोणी बोलत नाही.

इकडे चेअरमनांना नकार ऐकण्याची सवय नव्हती. त्यांनी संस्थेच्या नव्या इमारतीचा नकाशा टेबलावर पसरला आणि पेन्सिलीचे टोक एका काळ्या ठिपक्यावर टेकवले.

"हा स्तंभ. जिन्याच्या मधोमध येतोय. हलवावा लागेल. पाण्याच्या टाकीमागं जागा आहे, मोकळी, हवेशीर. हवालदारांना सांगा." मग पेन्सिल उचलून म्हणाले, "किंवा जिना इकडून घेता येईल. आर्किटेक्ट माझा मेव्हणाच आहे."

मी निरोप पोचवला. निरोप पोचवताना चेहरा निर्विकार ठेवण्याची कला मला त्या वर्षी अवगत झाली आणि पुढे विभागप्रमुख म्हणून ती फार उपयोगी पडली.

येसबांनी हातातली पुंगळी खाली ठेवली. मग म्हणाले, "टाकीमागं पोरं मुतत्यात."

"हो."

"लिवून पायजे. स्तंभ हाय तिथंच ऱ्हाईल, कायमचा. शिक्का, सही. आन् सभेत चेअरमनसायबांनी सोता वाचून दावायचं. सलामीच्या आदी. मागनं न्हाई."

"म्हणजे सलामी देणार?"

"नऊ देतो. पुढल्या सालचं पुढं."

ते पत्र मी लिहिले. साडेसहा ओळींचे. माझ्या आयुष्यात मी लिहिलेल्या मजकुरापैकी ज्याचा कोणाला काही उपयोग झाला, असा तेवढाच. चेअरमनांनी हसत सही केली. सभेत औदार्य जाहीर करायची संधी मिळत होती आणि तिला खर्च काही नव्हता.

अनावरणाच्या आदल्या दिवशी छापखान्यातून ग्रंथाच्या प्रती आल्या. चेअरमनांच्या बंगल्यावर त्यांची पूजा झाली, फोटो झाले, कांदाभजी झाली. मी भरपूर भजी खाल्ली. शिक्क्याचे पत्र आणि ग्रंथाची एक प्रत घेऊन तिथूनच परस्पर ओढा ओलांडला. हात धुवायचे राहिले. रुमालाला पुसले होते. सुशिक्षित माणसाला तेवढे पुरेसे वाटते.

दुपारचे चार वाजले असतील. येसबांनी पाटावर पांढरा कागद अंथरून त्यावर नऊ टोप्या मांडल्या होत्या. शेजारी नऊ पुंगळ्या. डबी फडताळात. त्यांनी आधी पत्र वाचले, शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि घडी करून पदकांच्या पेटीत ठेवले. मग ग्रंथ हातात घेतला.

"वजन हाय," म्हणाले.

"चेअरमनांची इच्छा होती."

"लढाईचं कुठं हाय?"

"सत्तेचाळीस पानावर."

आत उजेड कमी, म्हणून ते ग्रंथ घेऊन अंगणात गेले आणि ओट्यावर बसले. एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचणाऱ्यांपैकी ते होते. मी आत एकटा उरलो.

आता हे सांगणे अवघड आहे. माझ्यासमोर नऊ टोप्या होत्या, नुकत्याच पुसलेल्या, लालसर, आणि गोठ्याच्या झरोक्यातून आलेली उन्हाची तिरीप नेमकी त्यांच्यावर पडली होती. आमच्या पिढीच्या कवींना अशा वेळी स्वतःला आवरता येत नसे. मला त्या कोणाच्या तरी मिटलेल्या पापण्या वाटल्या. मग डाळिंबाचे दाणे वाटल्या. मग आणखी काही वाटण्यासाठी मी एक उचलली. बोटाच्या पेरावर ठेवली. खाली ठेवून दुसरी उचलली. नऊही जणी उचलून पाहिल्या आणि त्यांची एक वेलांटी मांडली. ती मनास येईना, म्हणून मोडून पुन्हा रांग केली. तेव्हा दिसले, की कागदावर माझ्या पेरांचे तीन पारदर्शक डाग पडले आहेत. त्यांतून पाटाचे लाकूड दिसत होते.

मी दाराकडे पाहिले. येसबांची पाठ तशीच होती, बोट पानावरून सरकत होते. टोप्या घाईने बाजूच्या फडक्यावर सारल्या, डागाळलेला कागद खिशात कोंबला, दुसरा कोरा कागद अंथरला, टोप्या परत मांडल्या. एका मिनिटाचे काम. पकडले न जाण्याची जी थंड, गोड जाणीव असते, ती मला झाली.

येसबा आत आले. ग्रंथ मिटलेला, पण एक बोट आत अडकवलेले.

"ह्यात बूट हैत," ते म्हणाले.

"हो."

"गळ्यात."

"हो. म्हणजे, आबा, साहित्यात असं करावं लागतं. एका माणसाचा अनुभव दुसऱ्याच्या... तो अनुभव सगळ्यांचाच असतो, एका अर्थी."

"रावसाहेब पल्याडनं परत आल्यात."

"त्यांना परत आणावं लागलं. ते पुढं चाळीस वर्षं जगले ना."

"दोघांस्नी घिऊन."

"दोघांना घेऊन."

त्यांनी बोट काढून घेतले. ग्रंथ माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, देवळातला नारळ परत द्यावा तसा. पाटाकडे पाहिले. कागदाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले की नाही, ते मला अजूनही निश्चित सांगता येत नाही.

"जावा आता," म्हणाले. "दिवस हाय तवर भरून घितो."

मी ओढ्यापर्यंत जवळजवळ धावत गेलो.

पुढचे आपण पाहिलेच आहे. चेअरमनांनी पत्र वाचून दाखवले, टाळ्या पडल्या. मी सत्तेचाळिसावे पान वाचले. बुटांच्या जागी आवाज दाटून आला, तो खरोखरच दाटून आला होता. मग हुकूम, आणि मग नऊ टिचके. त्यानंतर महिनाभर गावात येसबांचे नाव निघाले की माणसे हसत. बावीस वर्षे फौजेत काय हुक्का भरत होते काय, असे चावडीवर कोणी म्हणाले. म्हाताऱ्याचे हात थरथरतात, असे दुसऱ्याने सांगितले. चेअरमन स्तंभावर सूड उगवायला निघाले होते, पण चारशे माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने वाचलेले पत्र गिळता येईना. जिना निमूटपणे डावीकडे सरकला. मी कोणालाच काही सांगितले नाही. जूनला अवघे सहा महिने उरले होते. माझ्या अपराधाची बोच मला रात्रंदिवस होती, आणि तिच्यावर मी दोन चांगल्या कविता लिहिल्या. म्हणजे ती अगदीच वाया गेली, असे म्हणवत नाही.

डिसेंबरचा दुसरा रविवार आला. स्तंभापाशी त्या सकाळी चाळीसेक माणसे असतील. बहुतेक त्या अकरा नावांच्या घरची. खुर्च्या नव्हत्या, माईक नव्हता, चेअरमन नव्हते. काही तरुण पोरे मात्र मजा पाहायला मुद्दाम आली होती. त्यांतला एक ओरडला, "आबा, आज तरी ठो हुतंय का न्हाई?" दुसरा म्हणाला, "तोंडानं करा, आमी हाय साथीला."

येसबांनी ऐकले नसावे, किंवा ऐकले असावे. त्यांनी हुकूम दिला.

आवाज इतका मोठा होता, की मी एक पाऊल मागे सरलो. पिंपळावरचे सगळे कावळे एकदम उठले. दुसरी फैर, समोरच्या डोंगरावरून ती परत आली. तिसरी. तीन बंदुका, तीन फैरी, आणि नऊच्या नऊ. धुराचा तिखट वास स्तंभाभोवती रेंगाळत राहिला. एक म्हातारी पुढे झाली आणि वरून तिसऱ्या नावावर तिने हाताचा पंजा सपाट टेकवला.

मी हिशेबात कच्चा. पण त्या धुरात उभा असताना मला आयुष्यात पहिल्यांदा एक हिशेब आपोआप सुटला. त्याच डबीतल्या टोप्या. त्याच वयाच्या. यांतली एकही मेली नव्हती. म्हणजे जुनेपणाने कोणी मेले नव्हते. राहिली माझी बोटे.

माणसे पांगली. येसबा गवतात वाकून पुंगळ्या गोळा करीत होते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात एकेक पुंगळी टाकत होते. ऊन आहेत तोवर त्या उकळत्या पाण्यात धुवायच्या असतात, नाहीतर आतून खाल्ल्या जातात, हे त्यांनीच मला शिकवले होते. टोप्या संपल्या होत्या. तरी पुंगळ्या धुवायच्या होत्याच.

"आबा, तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोला की."

"त्या दिवशीच्या टोप्यांना मी हात लावला होता. तुम्ही ओट्यावर वाचत होतात तेव्हा. सगळ्या नऊंना. हात तेलकट होते."

"ठावं हाय."

"कसं?"

"टोप्यांस्नी कांद्याचा वास येत हुता."

पातेल्यात एक पुंगळी वाजली.

"मग तुम्ही सगळ्यांसमोर चूक स्वतःवर का घेतली?"

"तपासायचं काम माझं हुतं. फौजेत तसंच असतंय."

"लोक हसतायत तुम्हाला."

"हसत्यात."

मला तिथेच थांबायला हवे होते. क्षमा मिळाली होती, फुकट मिळाली होती, आणि जूनची जागा सुरक्षित होती. पण तो सुटलेला हिशेब डोक्यात पुढे पुढे सरकत होता.

"आबा, पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात. तेलाचं बोट लागलं तर दहातली एखादी मरते."

ते शेवटची पुंगळी शोधत होते. ती स्तंभाच्या पायथ्याशी, गवताच्या मुळात अडकली होती. त्यांनी ती उचलली, तोंडाशी धरून आत फुंकर घातली.

"आणि बदलायला डबीत चांगल्या नऊ होत्या. वास आल्यावर तुम्हाला बदलता आल्या असत्या." माझा आवाज नको इतका वर गेला. "माझ्या बोटांनी एक मेली असेल. दोन मेल्या असतील. नऊच्या नऊ कशा मेल्या, आबा?"

येसबा सरळ उभे राहिले. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. सावकाश, एकेका शब्दाखाली बोट ठेवावे तसे. मग पुंगळी पातेल्यात टाकली, पातेले काखेत धरले आणि ओढ्याच्या दिशेने चालू लागले.

काठाशी ते थांबले. मला वाटले, आता मागे वळतील. ते खाली बसले, सलामीसाठी चमकवलेले बूट काढले, त्यांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या आणि गळ्यात अडकवले. मग पाण्यात शिरले आणि पलीकडे गेले.